इंजिन बंद पडता कामा नये

८ जानेवारी

आज सकाळी जावयाने डिझेलच्या टाकीखाली पेटता बोळा धरला, म्हणून मला उठावं लागलं.

खिडकीतून दिसलं. अंगणात घोटाभर बर्फ, शेडचं दार सताड उघडं, आणि आमचे जावईबापू काठीच्या टोकाला चिंधी, चिंधीला जाळ, असे टाकीपाशी उकिडवे बसलेले. अनवाणीच धावलो. काठी हिसकावून बर्फात खुपसली आणि त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जावई झाला म्हणून काय झालं? म्हणतो, कुठेतरी वाचलं होतं. उंटावरचा शहाणा!

झालं असं की बर्फाच्या ओझ्याने रस्त्यावरचे विजेचे तीन खांब आडवे झाले. लेकीची आणि जावयाची हॅचरी आहे, घराच्या मागच्या अंगाला. चार तारखेला चार हजार अंडी यंत्रात ठेवलेली. एकवीस दिवस लागतात, म्हणजे पंचवीसला पिल्लं निघणार. तोवर यंत्राला वीज हवीच. तासाच्या वर अंडी गार पडली की आतले जीव जायला लागतात. शेडमध्ये दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला जनरेटर आहे. दोन वर्षं कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं, आणि वीज जाऊन अर्धा तास होऊन गेला होता.

मी चाळीस वर्षं डिझेलचा मिस्त्री होतो. बघितलं तर डिझेल थंडीने मेणासारखं दाटलेलं, फिल्टर तुंबलेला, बॅटरी मेलेली. लेकीला गरम पाण्याची किटली आणायला लावली. पाइपावर फडकी गुंडाळून वरून पाणी ओतलं, नवा फिल्टर चढवला, टाकीत रॉकेल मिसळलं, पाइपातली हवा काढली. जावयाला हँडल मारायला लावलं आणि वेग आल्यावर मी सिलिंडरचा दाब सोडून ठेवणारा खटका पाडला. तिसऱ्या फेरीला इंजिन खोकलं, चौथ्याला लागलं. तास भरायला पाच मिनिटं कमी होती.

लेक दारात उभी राहून रडत होती. तिला म्हटलं, अगं वीज आली ना, आता कशाला रडतेस? ती माझ्या पायात मोजे घालायला लागली.

इंजिन चालवायचं तर नोंदवही हवी. घरात ही जुनी डायरी सापडली. आजपासून इंजिन माझ्या ताब्यात, आणि ते बंद पडता कामा नये.

९ जानेवारी

तेल ठीक. पाणी ठीक. डिझेल चोवीस तासांत पाऊणशे लिटर. बाहेर उणे नऊ.

खाट शेडमध्ये आणून घेतली. लेक नको म्हणत होती, थंडी बाधेल म्हणे. इंजिनाच्या बाजूला कसली आलीय थंडी? घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा इथे ऊब आहे.

लिहून ठेवतो, कारण माझ्या माघारी लेकीकडून नाही तर तिच्या नवऱ्याकडून गाढवपणा व्हायचाच. थंडीत डिझेल गोठत नाही, त्यात मेणाचे कण धरतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. इंजिनाला खायला मिळत नाही आणि ते उपाशी मरतं. म्हणून रॉकेल डिझेल दाटायच्या आधी मिसळायचं, नंतर नाही. बॅटरी फरशीवर ठेवायची नाही, फळीवर ठेवायची. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा म्हणजे गार वारा थेट लागत नाही. आणि टाकीजवळ जाळ न्यायचा नाही. हे शेवटचं मी खडूने दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. जावयाने वाचलं आणि मान खाली घालून गेला.

१० जानेवारी

सगळं उत्तम. जनरेटरच्या पेटीवरचा विजेचा ओढा दाखवणारा काटा मेलेला आहे, शून्यावरच पडून असतो. असेना. मला काटे बघून इंजिन चालवायची वेळ आलेली नाही. शेडमधून घरात जाणारी केबल मात्र बारीक आहे, हाताला कोमट लागते. जावयाला सांगितलं, पुढच्या खेपेला जाड घाल.

अंड्यांच्या खोलीत मला मज्जाव. अंड्याच्या कवचाला बारीक भोकं असतात, डिझेलचा वास आत जातो, असं लेक म्हणते. बरोबर आहे. मीही माझ्या शेडमध्ये कोणाला चपला घालून येऊ देत नाही.

जावई म्हणतो की तो मला तीनदा हाका मारत होता. मारल्या असतील. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आमच्या वेळी कारखान्यात एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाशी बोलायचा.

१२ जानेवारी

आज धडा मिळाला. अकराच्या सुमाराला इंजिन गचके खायला लागलं आणि मी उठेपर्यंत बंद. फिल्टर तुंबला. काल आलेल्या डिझेलमध्ये रॉकेल घालायला उशीर केला होता. दुसऱ्याला शहाणपण शिकवून दोन दिवस झाले नाहीत तोवर ही तऱ्हा!

फिल्टर काढायला घेतला तर बोटं ऐकेनात. थंडीने असेल, पण खरं सांगायचं तर सवयच मोडली होती. आठ तारखेपर्यंत कितीतरी महिने हातात पाना धरला नव्हता. बोल्ट एकदा हातातून पडला, मग दुसऱ्यांदा पडला. मनात आलं, संपलं आपलं, चार हजार जीव आता असल्या बोटांच्या भरवशावर. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि हात सरळ झाले. अठरा मिनिटांत चालू.

जेवणात दोनदा वाढून घेतलं. लेक ताटाकडे बघत बसली होती.

माझी बायको गेल्याला चार महिने होतील. तेव्हापासून मी पडून होतो, पण आजारी बिजारी नव्हतो. डॉक्टर आला, त्याने काय काय लिहून दिलं, पण त्याला समजलं नाही. उठायचं काही कारण नव्हतं, इतकंच. आता आहे.

१५ जानेवारी

वायरमन आला होता. मी शेडच्या दारातून पाहिलं, घरात बसून चहा प्यायला, बराच वेळ लेकीशी बोलला. जाताना मी विचारलं, काय रे, लाइनचं काय? त्याने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, अजून दहा दिवस तरी लागतील, तारच मिळत नाहीये. वायरमन आपल्या बुटांकडे बघत उभा होता. लाज वाटली असेल बिचाऱ्याला, आठ दिवसांत तीन खांब उभे करता येत नाहीत म्हणजे काय!

मी म्हटलं, होऊ द्या सावकाश. माझं इंजिन पंचवीसपर्यंत काय, वर्षभर चालेल.

१७ जानेवारी

हातच्या कांकणाला आरसा कशाला? डिझेल मोजलं. पाऊणशे लिटर लागत होतं, काल दिवसभरात फक्त तीस लागलं. चुकलं असेल म्हणून पुन्हा पट्टी घालून मोजलं. तीसच!

चौदा तारखेला मी डिझेल फवारणारं नोझल साफ करून दाब जुळवला होता त्याचं हे फळ. निम्म्याहून कमी. कारखान्यात असतो तर साहेबाने पाठ थोपटली असती. जावयाला बोलावून पट्टी दाखवली. त्याने "वा, बाबा" म्हटलं खरं, पण चेहरा असा केला की जणू मी त्याचं काही चोरलं. माझं कौतुक ऐकायची सवय नाही त्याला. लेक मात्र पटकन म्हणाली, बाबा, तुमच्या हाताला गुण आहे. म्हटलं, आहेच.

१८ जानेवारी

इंजिन जरा गार चालतंय. थंडी वाढली असणार. रेडिएटरवर दुसरा पुठ्ठा लावला.

समोरच्या शिवणवालीच्या खिडकीत दिवा दिसला, तिचं मशीनही चालू होतं. तिनेही कुठून तरी जनरेटर आणलेला दिसतो. आज संध्याकाळी रस्त्याच्या टोकाला आणखी दोन घरांत दिवे होते. सगळ्यांना अक्कल आली म्हणायची, उशिरा का होईना.

जावई दुपारी शेडमध्ये येऊन घुटमळला. म्हणाला, बाबा, दिवसा थोडा वेळ इंजिनाला विश्रांती द्यायची का? मी म्हटलं, अरे बाबा, उणे अकरामध्ये एकदा बंद केलेलं इंजिन परत लागेल याची लेखी हमी देतोस? आणि अंड्यांना काय सांगशील, विश्रांती चालू आहे? तेवढ्यात लेक मागून आली आणि त्याच्याकडे असं बघितलं की गडी मुकाट्याने निघून गेला. हिच्या आईची नजर घेतली आहे पोरीने. फक्त ती माझ्यावर वापरत नाही.

२० जानेवारी

लेक हल्ली दुपारचं जेवण घेऊन शेडमध्येच येते आणि माझं होईपर्यंत बसते. इंजिनाबद्दल काहीबाही विचारते. हा पाइप कुठे जातो, तो पंप काय करतो. लहानपणी कारखान्यात नेलं तर कानात बोटं घालून बसायची, आणि आज नोझल म्हणजे काय ते तीनदा समजावून घेतलं.

एक गोष्ट मात्र खटकते. ही माझ्याशी फार गोड बोलते. हो बाबा, बरोबर बाबा, तुम्ही म्हणाल तसं बाबा. मी काल मुद्दाम म्हटलं की चहा पाणचट आहे, तर म्हणते, दुसरा करून आणते हं. चहा चांगला होता. तिच्या आईने मला किटलीसकट बाहेर काढलं असतं. चाळीस वर्षं माझा एक दिवस बोलणी खाल्ल्याशिवाय गेला नाही आणि आता घरात सगळे माझ्याशी आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे बोलतात. वैताग येतो.

असो. तेल ठीक, पाणी ठीक. डिझेल तीस.

२१ जानेवारी

सकाळी सायलेन्सरच्या सांध्यातून काळं काहीतरी गळताना दिसलं. बाहेर धुराड्याच्या तोंडाखाली बर्फावरही काळे डाग. बोटावर घेऊन बघितलं तर चिकट, तेलकट, न जळलेल्या डिझेलचा वास.

काळजीचं कारण नाही. डिझेलवाल्याने भेसळ केली असणार. त्याच्याशी उद्या बघतो.

२२ जानेवारी

काळजीचं कारण आहे. गळती दुप्पट झाली. धूर पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा. डिझेलवाल्याला फोनवर झाडलं, तर तो म्हणाला की पन्नास गिऱ्हाइकांना तेच डिझेल दिलंय, एकाचीही तक्रार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या मनात तेच होतं.

मग काय? पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर तेल वर चढतं. पण तेल कमी झालेलं नाही. नोझल मीच साफ केलं. म्हणजे मीच बिघडवलं की काय? तीस लिटरची फुशारकी मारत होतो, दाब चुकीचा बसवला असेल. दिवसभर हाच विचार. रिंगा बघायच्या तर इंजिन खोलावं लागेल, आणि खोलायचं तर बंद करावं लागेल. बंद केलं आणि परत लागलं नाही तर? अंडी आता शेवटच्या टप्प्यात आहेत, आज सकाळीच ती फिरत्या ट्रेमधून काढून पिल्लं फुटायच्या ट्रेमध्ये ठेवली. तीन दिवस फक्त राहिलेत.

शेवटी लेकीला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, पोरी, इंजिन पंचवीसपर्यंत टिकेल असं वाटत नाही, आणि चूक बहुतेक माझीच आहे. वर्षभर चालेल म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो. पांढरी पडली ती. मग म्हणाली, "बाबा, मग बंदच करा ना. राहू दे."

मला राग आला. राहू दे? आत चार हजार जीव चोच मारायच्या बेतात आहेत आणि ही म्हणते राहू दे! मी म्हटलं, तुझी हॅचरी आहे का माझी? ती तशीच वळून निघाली. घरात गेल्यावर नवरा-बायकोचं जुंपलेलं दिसलं काचेतून. माझ्यामुळेच असणार.

म्हातारा झालो हे खरं. चुकीच्या माणसाच्या भरवशावर बसली बिचारी.

२३ जानेवारी, सकाळ

तोंड धुताना एकदम आठवलं. तिशीत होतो तेव्हा एका गिरणीत नवं इंजिन बसवलं होतं. मालकाला येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चालू दाखवायची हौस. पट्टा न जोडता नुसतंच फिरवत ठेवायचा, दिवसभर, नवऱ्या मुलासारखं सजवून. दोन आठवड्यांत त्याच्या धुराड्यातून असंच काळं गळायला लागलं. इंजिनाला काही झालं नव्हतं, त्याला कामच नव्हतं. डिझेल इंजिनाला ओढायला काही दिलं नाही तर ते पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि उरलेलं काजळी होऊन आत साचतं.

म्हटलं, छे! आपल्या इंजिनावर तर चार हजार अंड्यांचा लोड आहे.

तरीपण जाऊन केबलवर हात ठेवला. गारढोण. पहिल्या आठवड्यात कोमट लागायची ती केबल लोखंडासारखी गार.

केबलच्या मागे मागे गेलो. अंगण ओलांडून घराच्या मागच्या भिंतीतून ती अंड्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात जाते. बूट काढले आणि बोळात शिरलो, मज्जाव असला तरी. तिथे भिंतीवर एक दांड्याचा स्विच आहे. दांडा वर केला की रस्त्याच्या लाइनची वीज, खाली केला की इंजिनाची.

दांडा वर होता. आत यंत्रं घुमत होती, दिवे लागलेले होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लाइन आलीये हे माझ्यापासून लपवलं, त्याचं नंतर वाटलं. आधी वाटलं ते दुसरंच. इंजिनावरचा लोड उतरला की आवाज बदलतो. घरघर हलकी होते, शेंबड्या पोरालाही कळतं. मी त्या इंजिनापासून दोन हातांवर झोपतो. आणि मला कळलं नाही. लोक पुटपुटत नाहीत, मी बहिरा झालोय. हे लिहायला हात जड झाला, पण नोंदवहीत खोटं लिहायचं नसतं.

२३ जानेवारी, संध्याकाळ

तो दांडा पुन्हा बघायला बोळात गेलो, तेवढ्यात लेक ट्रे घेऊन आली आणि मला बघून थबकली. मी विचारलं, "लाइन कधी आली?"

"पंधराला."

वायरमन आला तो दिवस. म्हणजे आठ दिवस मी रिकाम्या इंजिनाला पंखा घालत होतो. रिकाम्या इंजिनाचं डिझेल मोजून स्वतःची पाठ थोपटत होतो. डोळ्यांपुढे जावयाचा तो चेहरा आला आणि कानशिलं तापली. म्हटलं, बापाला खेळणं दिलंस खेळायला?

तिने ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "तुम्ही उठला होतात, बाबा. आई गेल्यापासून पहिल्यांदा. भिंतीकडे तोंड करून पडायचात, मी ताट आणायचे आणि तसंच परत न्यायचे. लाइन आली म्हटलं असतं तर तुम्ही इंजिन बंद करून परत तिथेच जाऊन पडला असतात. रोज ठरवायचे, उद्या सांगू. आधी आई गेली. मग तुम्हीही चालला होतात माझ्यासमोर. मी काय करायला हवं होतं?"

मला जे येतं ते बोललो. म्हटलं, "इंजिन असं बिनलोडचं चालवायचं नसतं. जपायचं म्हणून नुसतं फिरवत ठेवलंस तर आतून काजळतं. वरून काही दिसत नाही, पण आत साचत जातं. त्याला गोंजारून काही होत नाही, गं. ओझं टाकायचं त्याच्यावर. ओढू दे त्याला, धूर काढू दे, ओरडू दे. त्यानेच ते साफ होतं."

एवढ्यावर ती जी रडायला लागली ती थांबेचना. मी इंजिनाबद्दल बोलत होतो. इंजिनासाठी कोणी इतकं रडत नाही, पण पोरीचं मन मऊ आहे, लहानपणापासून. डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो.

मग कामाला लागलो. अंड्यांना लाइनवरच ठेवलं, त्यांना हात लावला नाही. जावयाला सांगितलं, घरात विजेवर तापणारं जे जे काही आहे ते शेडमध्ये आण. दोन हीटर, पाणी तापवायचे रॉड, शेगडी, इस्त्री. शिवणवालीकडच्या दोन इस्त्र्याही मागून आणल्या. सगळं इंजिनावर जोडलं, एकेक करत. धुराड्यातून असा काळा लोट निघाला की शिवणवाली खिडकीत आली. तासाभराने राखाडी झाला. तीन तासांनी धूर दिसेनासा झाला आणि गळती सुकली. जावई बादल्यांत उकळणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाला, बाबा, आज सगळं गाव आंघोळ करू शकेल. चांगला मुलगा आहे. आठ दिवस खोटं बोलताना त्याचे हाल झाले हे आता कळतंय.

पाच वाजता मी स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. सोळाव्या दिवशी.

२४ जानेवारी

नोंद नाही.

खाट परत घरात आणली. झोप झाली तरी उठलो नाही. शेडमध्ये काही काम नाही. लाइन आहे, अंडी आहेत, सगळं त्यांचं त्यांचं चालू आहे. लेक दोनदा दारात येऊन उभी राहिली. मी भिंतीकडे तोंड करून होतो, पण सावली दिसली. जेवलो थोडंसं.

खरं लिहितो. मला भीती वाटली.

२५ जानेवारी

सकाळी पडूनच होतो. रोज ती दार हळूच लोटते आणि "बाबा, उठताय का?" म्हणते. आज दार भिंतीवर आपटलं.

"बाबा! ही काय पडून राहायची वेळ आहे? आत हजार पिल्लं फुटली आहेत, दोन ट्रे ह्यांच्या हातून पडता पडता राहिले, मला चार हात नाहीत! उठा आधी! हात धुवा, साबणाने, दोनदा! आणि ती डिझेलची पँट घालून आत पाऊल टाकलंत तर याद राखा!"

इतक्या जोरात ओरडली की मलासुद्धा प्रत्येक शब्द ऐकू आला. मानेवर पिसं चिकटलेली, केस विस्कटलेले, डोळे लाल. सांगून वळली आणि गेलीसुद्धा. मी येतो की नाही ते बघायलाही थांबली नाही.

मी उठलो. दोनदा हात धुतले. जावयाची पँट घातली, कमरेला दोरी बांधून.

आतलं काय लिहू? जन्मभर लोखंड हाताळलं, असलं काही कधी हातात धरलं नव्हतं. ओली, लटपटणारी, मुठीत सहज मावणारी, आणि छातीत त्यांच्या इतक्या जोरात धडधड की तळहाताला कळते. कानाची गरज नाही त्याला. मोजून शंभर शंभर पिल्लं खोक्यात भरायची, अशक्त दिसेल ते बाजूला दिव्याखाली ठेवायचं. पहिल्याच खोक्यात मी मोजणी चुकलो, तर लेकीने सगळं परत मोजायला लावलं. जावई गालात हसला. त्याला म्हटलं, हस, पेटता बोळा विसरलो नाहीये मी.

चार हजारांतून तीन हजार चारशे बारा निघाली. लेक म्हणते, थंडीच्या मानाने भरघोस. इंजिनाचे पहिले आठ दिवस त्यात आहेत, ते कोणी नाकारू शकत नाही. रविवारी ते पुन्हा चालू करून तासभर लोडवर ठेवायचं आहे आणि पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. दोन्ही मीच ठरवलं.

दुपारी बोळाच्या तोंडाशी माझे बूट राहिले म्हणून लेक पुन्हा कडाडली. ट्रे घेऊन जाताना तिला ठेच लागली होती. संध्याकाळी तिसऱ्यांदा, त्याच बुटांवरून, पार तिच्या आईच्या आवाजात. जावई मला सोडवायला मध्ये पडला तर त्यालाही बोलणी बसली.

कोणाला सांगणार नाही, पण नोंदवहीत खोटं लिहायचं नसतं. तिसऱ्या वेळी बूट मी मुद्दाम तिथे ठेवले होते.